पावाची गाडी

त्या वर्षी आमच्या घरात भीती सकाळच्या चहाबरोबर यायची. लीलाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, उठल्या उठल्या फोन तोंडासमोर आरशासारखा धरायची आणि आदल्या दिवसापासून आलेले आवाज एकामागून एक लावायची. कुणीतरी बाई रडवेल्या सुरात सांगत असायची, पोरं सांभाळा, पांढरी गाडी फिरतेय, तोंडाला रुमाल लावतात नि उचलतात. गावाचं नाव तेवढं दर वेळी वेगळं. कधी पेणकडचं, कधी अलिबागकडचं, आणि एकदा खाडीपलीकडचंच, जिथे आमची माणसं लग्नाकार्याला जात-येत असत. आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली ती आमचीच झाली, आणि माझ्या धाकट्या बहिणीवर, सानूवर, तिने सगळा जीव लावला होता. सानूला शाळेत सोडायला आणि आणायला ती स्वतः जायची, हातात छत्री घेऊन. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "मारायला."

आमचं घर उरणच्या मोठ्या रस्त्याला लागून होतं. बाबा ट्रेलर चालवायचे, बंदरातला कंटेनर उचलून कुठे नाशिक, कुठे भिवंडी असं पोचवायचे, आणि दोन-दोन दिवस घरी नसायचे. रस्त्यावरून सतत तसलेच ट्रेलर जात, आणि फळीवरची ताटं बारीक आवाजात किणकिणत राहत. लांबून, बंदराच्या बाजूने, कंटेनर खाली टेकल्याचा दणका यायचा, पोटात बसणारा. पाहुणे दचकत, आम्हाला तो ऐकूच येत नसे. पण त्या दिवसांत आई त्या आवाजांतूनही दुसरे आवाज ऐकायला लागली होती. भाकरी थापता थापता थांबायची, हात पिठातच, आणि म्हणायची, "बाय, बघ गं, दाराशी कोन उभा हाय का." कुणी नसायचं. तव्यावर सुका जवळा कांद्यात परतलेला असायचा, घरभर वास, आणि त्या वासात आम्ही चौघी दाराकडे बघत बसलेल्या. आज हे लिहिताना मला ते चित्र हसण्यासारखं वाटत नाही. भीती माणसाच्या घरात जेवायला बसते, हे मी तेव्हा पाहिलं.

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात चित्रपट शिकत होते. शिकत होते म्हणजे फोनवर चित्रीकरण करायचं, कॉलेजच्या संगणकावर ते जोडायचं, आणि मॅडमनी केलेली त्याची चिरफाड ऐकायची. मॅडमनी त्या सत्रात गटागटाला एकच काम दिलं होतं : थ्रिलर चित्रपटाची फक्त सुरुवात करा. गोष्ट पुरी करू नका, खुनी सांगू नका, रक्त तर अजिबात नको. बघणाऱ्याने श्वास रोखला पाहिजे, एवढंच. आमचा गट चौघांचा. प्राची, जिला दिग्दर्शक व्हायचं होतं आणि ती आतापासूनच तशी बोलायची. ओंकार, खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातला, बडबड्या. इम्तियाज, ज्याच्या काकांची बेकरी होती आणि ज्याला बेकरी सोडून जगातलं सगळं करायचं होतं. आणि मी, दर्शना, अभिनय येतो अशी माझी समजूत.

आमच्या सगळ्या बैठका बेकरीच्या मागच्या ओट्यावर व्हायच्या. भट्टीची भिंत तिथे पाठीला गरम लागायची. इम्तियाजचे काका लादीतले कडेचे पाव, जरा जास्त भाजलेले, आमच्यापुढे आणून ठेवायचे, आणि आम्ही ते चहात बुडवून खात भुतं, खून, पडकी घरं असलं काय काय सुचवायचो. प्राचीला काहीच पटेना. शेवटी मी सहज आत्याच्या आवाजांबद्दल सांगितलं. तिची नक्कलही करून दाखवली. सगळे हसले, पण प्राची हसली नाही.

"हेच," ती म्हणाली. "मुलगी एकटी चाललीय. मागून पांढरी गाडी. बस."

"गाडी कुठली?" ओंकारने विचारलं.

सगळ्यांनी इम्तियाजकडे पाहिलं. काकांची पाव पोचवायची पांढरी व्हॅन ओट्याशेजारीच उभी होती. तिच्या दोन्ही अंगांना लाल अक्षरांत बेकरीचं नाव आणि खाली पावाच्या लादीचं चित्र. सकाळी ती गावोगाव फिरायची, दुपारी मोकळी असायची.

"चालवणार मीच," इम्तियाज म्हणाला. "दुसऱ्या कोणाला चाचा चावी देणार नाहीत."

"आणि ते नाव झाकायचं," प्राची म्हणाली. "पाववाल्या गाडीला कोण घाबरणार?"

भातकापणी उरकली होती. मिठागरांत नव्या हंगामाची तयारी चालू झाली होती, पाणी घेतलेले चौकोन आरशासारखे चमकत होते. आम्ही निवडला तो रस्ता त्या मिठागरांमधून जाणाऱ्या बांधावरचा, एक गाडी जेमतेम जाईल एवढा, आणि थेट पुढच्या गावात शिरणारा. ते गाव आमचं नव्हतं, तिथे आमचं कुणी नव्हतं. प्राचीला कॅमेरा लपवायचा होता. लांबून कुणीतरी चोरून बघतंय असं वाटलं पाहिजे, हा तिचा हट्ट. म्हणून ती एका बंद पडलेल्या पंपघराच्या गच्चीवर पालथी पडून राहिली, फोन दगडाला टेकवून. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. व्हॅनवरचं नाव आणि चित्र आम्ही काळ्या कागदाने झाकलं होतं, चिकटपट्टीने कडा नीट दाबून. ठरलं ते असं : मी फोनवर बोलत चालायचं. व्हॅन हळूहळू मागून येईल, शेजारी थांबेल, ओंकार सरकतं दार उघडून मला आत ओढेल. माझा फोन रस्त्यावर पडेल आणि ओंकार गाडीतून लावेल तसा वाजायला लागेल. व्हॅन लहान लहान होत दिसेनाशी होईल, आणि फोन वाजतच राहील. मग गावापाशी गाडी वळवून आम्ही परत यायचं. तिथे प्राचीला गाडीत घेऊन आतलं चित्रीकरण करायचं होतं, त्यासाठी ओंकारने माझे हात आधीच ओढणीने बांधायचे होते.

मी चालायला लागले. समोर कुणी नाही, दोन्ही बाजूंना पाणी, आणि मागे इंजिनाचा आवाज. मला माहीत होतं की गाडीत इम्तियाज आहे, सकाळी ज्याने मला नानकटाई दिली तो. तरी मी मागे वळून पाहिलं, ठरलं नसताना. त्याने गाडी माझ्या चालीइतकीच हळू ठेवली होती. मी भरभर चालले की तीही भरभर. दार सरकल्याचा आवाज झाला आणि मी किंचाळले ते ठरल्यापेक्षा फार मोठ्याने.

आत पडल्यावर ओंकार म्हणाला, "कसली भारी ओरडलीस!" आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. माझे हात बांधून झाले. काचेतून मागे बघितलं तर बांधावर एक मोटारसायकल उभी दिसली. ती कधी आली, कुठल्या फाट्यावरून आली, कुणालाच कळलं नव्हतं. तिच्यावरचा माणूस फोन आमच्याकडे धरून उभा होता.

"तो बघ, आपलं शूटिंग बघतोय," ओंकार म्हणाला.

त्या माणसाने मी चालत होते तिथपासूनचं चित्रण केलं, आणि मग पुढच्या गावात फोन केला. हे नंतर समजलं. गावाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा रस्त्यात एक टेम्पो आडवा लावलेला होता आणि त्याच्यापुढे माणसं उभी होती. आधी वाटलं, अपघात झालाय. इम्तियाजने काच खाली केली आणि विचारलं, "काय झालं, भाऊ?" उत्तर म्हणून त्याच्या कानशिलात बसली.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सरकतं दार बाहेरून उघडलं गेलं. ओंकार दुसऱ्या बाजूने उडी मारून मिठागरात पळाला, चिखल उडवत. तो प्राचीला आणि कॅमेऱ्याला आणायला पळाला, की नुसताच पळाला, हे त्याचं त्यालाही कधी सांगता आलं नाही. पण एक जण पळाला म्हटल्यावर लोकांची खात्रीच झाली. इम्तियाज सीटच्या पट्ट्यात अडकला होता. त्याला पट्ट्यासकट ओढत होते. मी ओरडत होते, "शूटिंग आहे! आम्ही कॉलेजची मुलं आहोत!" एका माणसाने माझे बांधलेले हात वर धरून सगळ्यांना दाखवले.

"बघा, बघा! हात बांधल्यान पोरीचं!"

"अहो, हे खोटं आहे. आम्ही पिक्चर काढतोय."

"कॅमेरा कुठंय?"

कॅमेरा मागे राहिला होता, पंपघरावर. माझा फोन रस्त्यावर धुळीत पडला होता, ठरल्याप्रमाणे. इम्तियाजचा फोन कुणीतरी हिसकावून दगडावर आपटला. "नाव सांग रे तुझं," एकाने विचारलं, आणि इम्तियाजने सरळ आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, जसं आम्ही हजेरीला सांगतो तसं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मागून एक शिवी आली आणि सगळे एकदमच पुढे सरकले. त्या शांततेची भीती मला त्या मारापेक्षा जास्त वाटली होती, आणि अजून वाटते.

मला मात्र कुणी नखही लावलं नाही. मला वाचवत होते ना! बायकांनी मला मधून काढलं, कुणी खांद्यावर पदर टाकला, आणि जवळच्या घरात नेऊन दाराला कडी घातली. एक म्हातारी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. तिच्या सुनेने, सुरेखा तिचं नाव, माझ्या हातांची गाठ सोडली आणि तांब्यात साखर घालून पाणी दिलं. म्हातारी पुन्हापुन्हा म्हणत होती, "आता कोन काय करनार न्हाय तुला. माज्या दारात आलीस ना, मग झालं." इतक्या मायेने कुणी माझ्याशी बोललं नसेल. आणि बाहेर धपाधप आवाज येत होते. त्यांतच मला इम्तियाजचा आवाज आला. तो शूटिंग म्हणत नव्हता, कॉलेज म्हणत नव्हता. नुसतं "अम्मी" म्हणत होता.

मी म्हातारीच्या पाया पडले. दार उघडा म्हणाले. मी जितकी रडले तितकी तिने मला घट्ट धरली. "औषध दिलंय वाटतं पोरीला," ती सुनेला म्हणाली. "पळवनाऱ्याचीच बाजू घेतंय." माझ्या लक्षात आलं की माझं हे खरं रडणं इथे काही कामाचं नाही. पळवून आणलेली मुलगी अशीच रडते. मी जेवढी घाबरेन तेवढा बाहेर त्याला मार बसणार.

मग मला एकच सुचलं. मी तोंड पुसलं. सुरेखाला म्हटलं, "वहिनी, एकदाच माझ्याकडे बघा." आणि तिच्या समोर, चुलीपाशी, मी ते सगळं पुन्हा केलं. चालत आले, मागे वळून पाहिलं, डोळे मोठे केले, किंचाळले, हात झाडत जमिनीवर पडले, हुंदके दिले. आणि मधेच थांबले. उठून उभी राहिले, केस मागे सारले, आणि साध्या आवाजात म्हटलं, "झालं. बघितलंत? असं केलं मी मघाशी. मला जमतं ते." ती बघतच राहिली. मी पुन्हा रडले, डोळ्यांतून पाणी काढून, आणि पुन्हा थांबून तिच्याकडे बघून हसले. आयुष्यात इतका अवघड अभिनय मी पुढे कधी केला नाही.

सुरेखाच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, भूत बघितल्यासारखी. मग तिने सासूकडे पाहिलं.

"आत्ती, ही नाटकातली हाय."

"काय बोलतंस?"

"खरं सांगतंय. आपल्या पालखीच्या नाटकात हे न्हाय का असंच करीत! बाय मेली म्हणून ऊर बडवतान, नि पडदा पडला का लगेच पान खातान." ती दाराशी गेली. "उठा, आत्ती. बाहेर पोर मरंल."

म्हातारी उठली नाही. सुरेखाने तिला बगलेत हात घालून बाजूला केलं आणि कडी काढली. ती बाहेर गेली ती नवऱ्याच्या नावाने ओरडतच. गावातली सून भर रस्त्यात नवऱ्याला नावाने हाक मारतेय, यानेच काही माणसं वळली असतील. मी तिच्या मागे धावले, पण इम्तियाजकडे नाही, मला त्या गर्दीतून वाटच मिळाली नसती. मी गाडीकडे धावले आणि काळा कागद ओरबाडून काढायला लागले. नखांनी, दातांनी. चिकटपट्टी आम्हीच इतकी घट्ट दाबली होती. लाल अक्षरं उघडी पडली, खाली पावाची लादी.

"ही कुणाची गाडी आहे बघा!" मी ओरडले. "रोज सकाळी कोण येतं तुमच्याकडे?"

टेम्पोशेजारी उभा असलेला एक वयस्कर माणूस पुढे आला. त्याने चित्राकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या मुलाकडे. "अरे थांबा," तो म्हणाला. "थांबा रे. ही तर पावाची गाडी." सुरेखाचा नवरा तोवर इम्तियाजच्या आणि इतरांच्या मधे उभा राहिला होता. मारणारे हात एकदम थांबले नाहीत. एकेक करून खाली आले. कुणीतरी पाणी आणलं. एक जण, ज्याच्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे होते, रागानेच म्हणाला, "मग आधी सांगायचं ना." इम्तियाजला बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "सांगत होतो." त्याने मान फिरवली.

प्राची आणि ओंकार चिखलाने माखून आले तेव्हा पोलीसही आले होते. प्राचीने आपला फोन सगळ्यांपुढे धरला आणि माणसं त्याच्याभोवती जमून आमच्या चित्रपटाची सुरुवात बघू लागली. मी किंचाळले त्या जागी एका बाईने तोंडाला पदर लावला. इम्तियाजला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, एक दात गेला होता, एक डोळा पुरता मिटला होता. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचेल. वाचला.

आम्हाला जबाबासाठी चौकीवर बसवलं होतं तिथे बाहेर एक कंटेनर लादलेला ट्रेलर येऊन थांबला, आणि त्याच्या उंच केबिनमधून, एका अनोळखी ड्रायव्हरचा हात धरून, माझी आई उतरली. पायात चप्पल नव्हती. मोटारसायकलवाल्याने काढलेला व्हिडिओ तासाभरात आत्याच्या फोनवर पोचला होता. आत्याने तो नेहमीसारखा पुढे पाठवून दिला आणि मग आईला दाखवला. त्यात चेहरा दिसत नव्हता, खाली फक्त त्या गावाचं नाव होतं. आईने चाल ओळखली. ती तशीच मोठ्या रस्त्यावर जाऊन ट्रेलरसमोर उभी राहिली, म्हणाली, माझी पोरगी नेली, मला तिकडे घेऊन चल. चौकीत आल्यावर ती मला जवळ घेईल असं मला वाटलं होतं. तिने आधी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, मनगटांवरचे वळ पाहिले, आणि विचारलं, "नि त्या पोराची आई कुटं हाय?" आम्ही घरी गेलोच नाही. आधी दवाखान्यात गेलो. इम्तियाजची अम्मी बाकावर बसली होती, आई तिच्या शेजारी जाऊन बसली. मग आईने तिच्या मांडीवर हात ठेवला, आणि तिने तो काढला नाही.

आत्याने त्या दिवसानंतर आवाज लावणं सोडलं. ज्यांना तिने व्हिडिओ पाठवला होता त्या सगळ्यांना तिने स्वतःच्या आवाजात कळवलं, ही माझी भाची आहे, सुखरूप आहे, ते कॉलेजचं काम होतं. तो आवाज कुणी पुढे पाठवला नाही. व्हिडिओ मात्र फिरत राहिला. इतकी वर्षं झाली, अजून अधूनमधून मला येतो, कधी विदर्भातल्या एखाद्या गावाचं नाव लावून, कधी दुसऱ्याच राज्यातलं. मध्यंतरी आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी पाठवला, मुलींना सांभाळा म्हणून. मी त्यांना लिहिलं की ही मुलगी मी आहे. त्यांनी उत्तर दिलं, "ताई, असल्या गोष्टींवर थट्टा करू नये."

मारणाऱ्यांपैकी काही जणांवर खटला झाला, तो लांबत गेला. इम्तियाजच्या काकांनी त्या गावाकडे गाडी पाठवणं बंद केलं. आम्ही ते काम कॉलेजात द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण इम्तियाजच हात गळ्यात बांधून आला आणि म्हणाला, द्या. आतलं चित्रीकरण कधी झालंच नाही. जेवढं होतं तेवढं प्राचीने जोडलं : चालणारी मुलगी, गाडी, आरशात दिसणारे गाडीवाल्याचे डोळे, जे आम्ही आदल्या दिवशी बेकरीमागे घेतले होते, आणि धुळीत वाजणारा फोन.

वर्गात पडदे ओढून ते दाखवलं तेव्हा कुणी हललं नाही. मॅडमही नाही. आरशातले डोळे आले आणि माझ्या शेजारून इम्तियाज उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा होता, प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून. मला वाटलं, त्याला ते सगळं आठवलं असणार. मी म्हटलं, "बंद करायला सांगू का?"

"नको," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दर्शना, तो गाडीवाला बघितलास? कसा बघतो तुझ्याकडे?"

"तू आहेस तो."

"हां, ते कळतंय मला." त्याने प्लास्टरकडे पाहिलं. "पण बघताना वाटलं, मी त्या रस्त्यावर असतो ना, तर मीपण धावलो असतो. मीपण मारलं असतं त्याला."

आतून फोन वाजत असल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.